ओ देणारी

पासपोर्टची पानं संपली, म्हणून भिंगरी घरी आली. आईची आठवण अनावर झाली असं नाही, की कुणी बोलावणं धाडलं असंही नाही. सीमेवरच्या एका अधिकाऱ्याने पासपोर्ट पुढून मागून चाळला, शिक्का हातात तसाच धरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, मारू कुठे? आता नवा काढा, मग पुढे जा." जवळपास आपली वकिलात नव्हती, तेव्हा नवा काढायचा तर आपल्या गावी जाणं भाग होतं. एवढंच कारण. चार दिवसांचं काम, ते उरकायचं आणि परत सायकलवर टांग टाकायची, असा तिचा बेत होता.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्या पासपोर्टावरच राहून गेलं होतं. चालायला लागल्यापासून पोरगी एका जागी ठरेना, म्हणून वडील तिला भिंगरी म्हणायला लागले, आणि मग घराने, गल्लीने आणि पुढे जगानेही तेच नाव उचललं. वडील बस डेपोत मेकॅनिक होते. मोडक्या सायकलींचे भाग जुळवून तिची पहिली सायकल त्यांनीच केली. कुणी म्हणालं, "पोरीला फार मोकळी सोडलीत," की ते हात पुसत म्हणायचे, "ब्रेक मी स्वतः बसवलेत. घाबरू नका."

ब्रेक चांगले होते, पण भिंगरीने ते फारसे वापरले नाहीत. आधी ती एका उन्हाळ्यापुरती निघाली, मग एका वर्षापुरती, आणि त्यानंतर परत येणं तिने नुसतं पुढे ढकलत नेलं. वाळवंटं झाली, बर्फाचे घाट झाले. पेट्रोल पंपामागे, शाळांच्या व्हरांड्यांत, अग्निशमन दलाच्या गोदामात पाण्याच्या पाइपांच्या शेजारी ती झोपली. मासिकांत लिहायची, लोकांसमोर भाषणं द्यायची, त्यावर टायर आणि पोट दोन्ही चालायचं. अनोळखी गावात दार वाजवावं आणि आतल्या बाईने भिजलेल्या केसांच्या या पाहुणीला शेगडीपाशी ओढून बसवावं, हे इतक्यांदा घडलं की तिने एका लेखात लिहून टाकलं, 'मला जगभर आया मिळाल्या.' वाक्य लोकांना फार आवडलं. पोस्टरांवर आलं, कुणीतरी चहाच्या कपांवरही छापलं.

सख्खी आई इकडे वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत शिलाई मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करून देत होती.

वडील डेपोतच गेले. बसखाली सरकले ते बाहेर आलेच नाहीत. छातीत कळ आली असावी, हातातला पाना तसाच होता म्हणे. भिंगरी तेव्हा एका उजाड पठारावर होती, जिथे फोनला रेंज म्हणून नाही. निरोप मिळाला तोवर इकडे सगळं उरकलं होतं. ती तंबूत तोंड दाबून रडली. मग रडून झाल्यावर विचार करायला लागली. आता जाऊन होणार काय? व्हिसाची मुदत जाईल, पठार ओलांडायचा मोसम जाईल, आणि बाबा तर गेलेच आहेत. पठाराच्या टोकाशी रेंज मिळाली तेव्हा आई फोनवर म्हणाली, "ये गं एकदा. काही करू नकोस, नुसती बसून जा." भिंगरी म्हणाली, "येतेच आई," आणि पुढे निघाली.

धाकटा भाऊ चिडला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला. "आईला डोळ्यांनी धड दिसत नाही," त्याने ठणकावलं, "आणि तू तिकडून उंटावरून शेळ्या हाकू नकोस!" सायकल वाळूत चालेना म्हणून त्या आठवड्यात ती खरोखरच उंटावर होती. ते त्याला सांगायची तिची छाती झाली नाही. पुढे त्याचा एका ओळीचा निरोप आला, 'ताई, बरं झालं. आता मी निर्धास्त.' तिला तो टोमणा वाटला. टोमण्याला उत्तर काय द्यायचं, म्हणून तिने दिलं नाही.

त्यानंतर आईचाही सूर बदलला. फोनवर आवाज मोकळा झाला. 'कधी येतेस' हे विचारणं बंद झालं. उलट हीच कधी म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी नक्की," की आई म्हणायची, "तुझं चालू दे गं. इकडचं छान चाललंय." आई सावरली, असं भिंगरीला वाटलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. हा जो जीव तेव्हा भांड्यात पडला, त्याचीच पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

तर अशी ती गावात उतरली. हिवाळ्यातली दुपार, ऊन होतं पण त्याला ऊब नव्हती. बसच्या टपावरून सायकल उतरवून ती हातात धरून चालत निघाली, कारण वर्षभर उजवा गुडघा कुरकुरत होता आणि चढ तिला नको होता. गल्ली होती तशीच. घराच्या खाली लाँड्री, दारातून येणारी गरम वाफ, ओल्या कापडाचा करपट वास. लाँड्रीवाला इस्त्री उभी करून बाहेर आला. भिंगरीने हसून मान हलवली. आता हा 'अरे, तुम्ही!' म्हणून ओरडणार, असं तिला वाटलं होतं.

"एवढ्यात आलात?" तो म्हणाला. "आत्ताच तर दुधाला गेलात. आणि ही सायकल कुणाची?"

"माझीच आहे."

"अरे वा! म्हणजे गुडघा बरा झाला." त्याने तिचं धुळकट जाकीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, जरासा गोंधळला, आणि इस्त्री तापलेली आठवून आत वळला.

गुडघ्याचं तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पण माणूस दमलेला असला की असल्या गोष्टींचा विचार पुढे ढकलतो. धाकट्याची बायको येऊन राहिली असेल, लांबून माझ्यासारखी दिसत असेल, असं मनाशी म्हणत तिने सायकल मागच्या जिन्याखाली लावली आणि पुढचा जिना चढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई खिडकीपाशी मशीनवर बसली होती. डोळ्यांवर पांढुरकी साय आलेली, पण बोटं कापडावर अशी सरकत होती की त्यांना डोळ्यांची गरज नसावी. केस नीट विंचरलेले, मधोमध भांग, घट्ट वेणी. अंगावर स्वच्छ, इस्त्रीचे कपडे. भिंगरीने रस्त्याने मनात जी आई रंगवली होती ती विस्कटलेली होती, वाट बघून सुकलेली होती. ही तशी नव्हती.

"आलीस?" आईने मान न वळवता विचारलं. "दूध मिळालं का?"

"आई…"

मशीनचं चाक क्षणभर अडखळलं आणि पुन्हा फिरायला लागलं. "ओट्यावर ठेव मग. आणि दार लाव, गार येतंय."

भिंगरी तिथेच उभी राहिली. धावत जाऊन गळ्यात पडायचं, हे तिने इतक्या परक्या आयांच्या बाबतीत सहज केलं होतं. इथे पाय उचलेना. ती स्वयंपाकघरात गेली. ओटा लख्ख होता. आईच्या गोळ्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या करून बश्यांत ठेवलेल्या. मग तिने तिच्या जुन्या खोलीचं दार ढकललं. तिथे आता अडगळ असणार, अशी तिची खात्री होती. तिथे पलंग होता, चादर ताठ ओढलेली. खुंटीवर निळा स्वेटर. आरशाखाली फणी, आणि फणीत अडकलेले केस, काळे, मध्येच एखादा पांढरा. भिंगरीचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाशी गेला, जिथे तिची पांढरी बट होती. पलंगाखाली चपला होत्या. तिने पाय घालून पाहिला. चप्पल नेमकी बसली. टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती, तिच्या प्रत्येक बुटाची झिजायची तशी.

आणि त्या खोलीला कसलाच वास नव्हता. माणूस झोपतो त्या खोलीला घामाचा, तेलाचा, उशीचा, काहीतरी वास असतो. इथे काहीही नव्हतं, बंद कपाटात डांबराच्या गोळ्यांचा असतो तेवढासुद्धा.

ती घाईने बाहेरच्या सामाईक गॅलरीत आली. शेजारच्या नर्सबाई, निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत, दोरीवर टॉवेल घालत होत्या. भिंगरी त्यांना लहानपणापासून नर्समावशी म्हणायची.

"काय गं, अशी पांढरीफटक का पडलीस?" नर्सबाई म्हणाल्या. "आईला काही झालं का?"

"नाही. मावशी… मी इथे कधीपासून आहे?"

"हा काय प्रश्न? बाबा गेले त्याच आठवड्यात आलीस ना तू! दार मीच उघडलं होतं. पाठीला सामान नाही, पायात काही नाही. म्हटलं, ही एवढ्या लांबून आली तरी कशी? पण अशा वेळी कुणी विचारतं का? सरळ आत गेलीस आणि आईच्या उशाशी बसलीस, ती अजून बसलीच आहेस." त्या हसल्या. "आम्ही गमतीने म्हणायचो, जिच्या पायाला भिंगरी होती ती आता कोपऱ्यापुढे पाऊल टाकत नाही. तुझे ते डोंगरातले फोटो अजून येतात मासिकात. जुनेच असतील, म्हटलं. पोटासाठी करावं लागतं."

बोलता बोलता त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, ताप आहे का तुला? हात गरम लागतोय. तुझा हात कसा नेहमी गारढोण असतो."

भिंगरीने हात सोडवून घेतला. ती आत आली, दाराला आतून कडी घातली आणि आईसमोर जमिनीवर बसली.

"आई, दूध आणायला गेलीय ती कोण आहे?"

मशीन थांबलं. आईने सुई वर केली, कापड सोडवलं, त्याची घडी घातली. हे सगळं सावकाश. मग म्हणाली, "हळू बोल. म्हणजे तू आलीस तर."

"तुला माहीत आहे?"

"डोळे गेलेत गं, अक्कल नाही गेली. तुझ्या बाबांच्या कपड्यांना सायकलच्या चेनचा वास यायचा. तू दारात आलीस तेव्हाच आला तो. भास असेल म्हटलं. म्हणून दूध विचारलं."

"मग ती…"

"पहिल्या दिवशी नाही कळलं. नंतर कळलं. ताट घेऊन समोर बसते, पण ताट भरलेलंच परत जातं. शेजारी झोपली तरी श्वास ऐकू येत नाही. कपाळावर हात ठेवते तो असा, की थंडीत अंगावर शहारा येतो." आई थांबली. "पण ठेवते. रोज ठेवते."

"आई, ऊठ. आत्ताच्या आत्ता धाकट्याकडे जाऊ. त्याला ठाऊक आहे हे?"

"तो येतो, तिच्याशी बोलतो, जाताना तिच्या हातात आईला सोपवून जातो. त्याला कशाला सांगू?"

"अगं, पण ती कोण आहे, काय आहे, तुला काहीच…"

"मी विचारलं नाही." आईची बोटं घडीच्या कडेवरून फिरत होती. "तुझे बाबा गेले त्या रात्री मी तुला हाका मारत होते. वेड्यासारखी, या खिडकीतून. तू कुठल्या पठारावर होतीस म्हणे. मारत राहिले, मारत राहिले… आणि कुणीतरी ओ दिली. आता ओ देणारीला का विचारायचं असतं, बाई, तू कोण?"

गल्लीतून लाँड्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला आणि विरला.

"तुला जगभर आया मिळाल्या म्हणे," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "नर्सबाईंनी वाचून दाखवलं. मलाही एक मुलगी मिळाली."

"मी राहते, आई. आता मी राहते इथे."

"किती दिवस?"

साधाच प्रश्न होता. पण भिंगरीच्या डोळ्यांपुढे पासपोर्टची कचेरी आली, तिच्यामागून तो अर्धा राहिलेला रस्ता आला, बर्फ वितळल्यावर उघडणारा घाट आला. पापणी लवावी एवढाच वेळ. "कायमची," ती म्हणाली.

पण आई कानांनी जगणारी बाई होती. तिने तेवढाही वेळ ऐकला. तिने हात पुढे करून लेकीचा चेहरा चाचपला, फुटलेले ओठ, रापलेले गाल, कपाळावरचा जुना व्रण. आईचा हात गरम होता. "चांगली आहेस," ती म्हणाली. "हाडापेराने घट्ट आहेस. बरं वाटलं. आता जा तू. मागच्या जिन्याने जा."

"मी नाही जाणार."

"तिने तुला बघायला नको. एकदाच ती आपणहून स्वतःबद्दल बोलली होती, की तू आलीस तर तिला निघावं लागेल. मला नाही गं झेपणार ते. तू राहशील. चार महिने राहशील, सहा महिने राहशील. मग तुझे पाय वळवळतील. आणि ती तर गेलेली असेल. मग मी हाक कुणाला मारू?"

याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. डावा पाय नीट पडत होता. उजवा जरासा घासत येत होता, दुखऱ्या गुडघ्याचा येतो तसा. भिंगरीने स्वतःच्या गुडघ्यावर हात दाबून धरला. खोलीतलं ऊन तेवढंच होतं, तरी ते कुठून तरी पातळ झाल्यासारखं वाटलं.

"जा ना गं…" आई कुजबुजली.

आणि भिंगरी गेली. भीती तर होतीच, नाही कसं म्हणावं? पण नुसत्या भीतीने ती गेली नाही. निघणं ही एकच गोष्ट तिला अशी साधली होती की त्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. पाय आपोआप वळले, हाताने आपोआप सामान उचललं. स्वयंपाकघरातून मागच्या लोखंडी जिन्यावर ती आली, पाठीमागे दार लोटलं आणि तिथेच गजाला धरून उभी राहिली.

पुढच्या दाराची कडी तिने स्वतः आतून घातली होती. कडी निघाल्याचा आवाज झाला नाही. पण घरात कुणीतरी आलं होतं. ओट्यावर काहीतरी ठेवल्याचा हलका आवाज झाला.

"आई, कुणी आलं होतं का?"

भाषणांच्या किती ध्वनिफिती तिने ऐकल्या होत्या. स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. तोच आवाज होता हा. फक्त त्यात घाई नव्हती.

"कुणी नाही गं," आई म्हणाली. "एक वाटसरू होती. पाणी मागत होती."

भिंगरीला वाटलं, दाराच्या पलीकडे, फळीच्या जाडीएवढ्या अंतरावर, कुणीतरी आपल्यासारखंच कान लावून उभं आहे.

"दिलंस?"

"दिलं."

"बरं केलंस," तिचाच आवाज म्हणाला. "दमलेली असतात बिचारी…"

मग मशीन पुन्हा सुरू झालं.

बस स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये भिंगरी रात्रभर पलंगाच्या कडेवर बसून राहिली. जगात कुठेही, दगडावरसुद्धा झोप लागणारी ती, आपल्याच गावात तिला झोप लागली नाही. आईने 'किती दिवस' विचारलं ते पुन्हा पुन्हा कानात येत होतं. एका साध्या उत्तराला आपल्याला वेळ का लागला? उजाडायच्या आधी तिचं ठरलं. परत जायचं, दार वाजवायचं, ती जी कोण असेल तिच्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, तुझे उपकार झाले, आता मी आहे. तिला जावं लागेल तर जाऊ दे. आई रडेल, रडू दे, आपण समोर असू. गुडघ्याला पट्टा बांधून मशीनशेजारी बसू आणि कोपऱ्यापुढे जाणार नाही. या वेळी तिने स्वतःलाच विचारलं, किती दिवस? आणि उत्तर लगेच आलं. मध्ये काही नव्हतं.

ती गल्लीत शिरली तेव्हा लाँड्रीचं शटर अर्धंच वर होतं. नर्सबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. तिला पाहताच त्यांनी मिठी मारली.

"कुठे गेली होतीस गं? मी एकटीच होते वर."

"काय झालं?"

"काय झालं काय विचारतेस? तूच ना दार वाजवलंस पहाटे? 'मावशी, आईजवळ या जरा,' म्हणालीस. मी आत जाते, मागे वळून बघते तर तू नाहीस. आई झोपेतच गेली गं. काही त्रास झाला नाही तिला."

आई पलंगावर होती. वेणी ताजी घातलेली. पांघरूण दोन्ही बाजूंनी नीट खोचलेलं, लहान मुलाला खोचतात तसं. शेजारच्या खोलीतल्या खुंटीवरचा निळा स्वेटर गेला होता, तिथल्या पलंगाखालच्या चपलाही. भिंगरीने आईच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं आणि तिचा हात गरम होता, आणि आता त्याचा कुणालाही उपयोग नव्हता.

दिवसभर माणसं येत राहिली. ज्यांच्या पँटी आईने आखूड केल्या होत्या ती, ज्यांच्या मुलींचे कपडे शिवले होते ती. प्रत्येक जण भिंगरीचा हात धरून सांगत होता, लेक असावी तर अशी. सगळं जग फिरायचं सोडून आईसाठी बसून राहिली. लाँड्रीवाला तर रडलाच. "ताई, तुम्ही त्यांना किती जपलंत, मी बघितलंय रोज," तो म्हणाला. भिंगरी खाली मान घालून ऐकत राहिली. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्या पचल्या असत्या. हे घशाखाली उतरत नव्हतं.

शेवटी तिला राहवलं नाही. नर्सबाई एकट्या सापडल्यावर ती म्हणाली, "मावशी, ती मी नव्हते. मी काहीच केलं नाही तिचं. खरंच सांगते."

नर्सबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असंच वाटतं गं. इतकी माणसं गेलेली बघितली मी. मागे राहिलेल्या प्रत्येकाला हेच वाटतं, आपण काहीच केलं नाही."

त्यानंतर तिने कुणालाही सांगितलं नाही.

धाकटा दुपारी पोचला. दारातच तिच्या गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. "ताई, तेव्हा मी तुला नाही नाही ते बोललो होतो. तू होतीस म्हणून आई इतकी सुखात राहिली." ती त्याला थोपटत राहिली. खोटं बोलावं लागलं नाही, कारण कुणी काही विचारतच नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

सगळं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं स्वयंपाकघरात चहा घेऊन बसली. धाकट्याने विचारलं, "आता काय करणार तू?"

"इथेच राहणार."

"इथे? एकटी? आता कशाला? आता निघ की तू. तुझं सगळं राहून गेलंय."

"राहून गेलंय खरं," भिंगरी म्हणाली.

तो कप फिरवत बसला. काहीतरी त्याच्या मनात होतं, ते ओठापर्यंत येऊन परत जात होतं. शेवटी म्हणाला, "ताई, एक विचारू? काल पहाटे मला फोन केलास, तो कुठून?"

तिने कप खाली ठेवला. "का रे?"

"आईच्याच नंबरावरून होता. पण मागे वारा केवढा होता! मोकळ्या माळावर असतो ना, तसला. मोठमोठ्या गाड्या जवळून गेल्यासारखा आवाज. म्हटलं गॅलरीत आली असशील. पण आपल्या गल्लीत एवढा वारा कुठून येणार?"

"मी काय म्हणाले?"

"असं काय विचारतेस? 'आई निघाली,' म्हणालीस. आणि म्हणालीस, 'तू घरी जा, ताईला सोबत लागेल.' मी म्हटलं, ताईला म्हणजे? तूच ना ताई? तर तू काही बोललीच नाहीस."

गॅसवर उरलेलं दूध होतं. त्यावर साय धरत होती. भिंगरी तिकडे बघत राहिली. "मग ठेवलास फोन?"

"नाही ना. चालूच राहिला. तू फोन हातात धरून चालत असल्यासारखं वाटत होतं. आणि मागे…" तो थांबला. "जाऊ दे. झोपेत होतो मी. भास असेल."

"सांग."

"मागे आई हसत होती, ताई." त्याने वर पाहिलं नाही. "बाबा तिला सायकलवर डबलसीट घ्यायचे ना, तेव्हा घाबरून हसायची, तशी. मी दोनदा हाक मारली. मग वाऱ्यातून तिचा आवाज आला. तुला विचारत होती, 'अजून किती लांब जायचंय गं?'"

भिंगरीने आयुष्यात आईला कुठेही नेलं नव्हतं.

"मी काय सांगितलं?" तिने विचारलं. "मी काय उत्तर दिलं तिला?"

"ते नाही ऐकू आलं," धाकटा म्हणाला. "वारा फार होता."